सध्या डाव्या बरगडीत

शेषरावकाकांना 'कसे आहात' असे विचारले, तर बरे किंवा वाईट असे उत्तर कधी मिळत नसे. ते पत्ता सांगत. "सध्या डाव्या बरगडीत हाये," असे म्हणून बोटाने नेमकी जागा दाखवत. दुखणे हा कोणी पाहुणा आहे आणि तो आपल्या देहात मुक्काम हलवत फिरतो आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पुलगावात आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे. उभी नोकरी रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेल्यामुळे वेदनेचे वर्णनही ते मालाच्या भाषेत करत. मानेतले दुखणे भिजल्या पोत्यासारखे जड, पोटातले काचसामानासारखे, हलवले की वाजणारे, पोटरीतले मात्र बेवारस पार्सलासारखे, "सोडवाले कोनीच आलं नाई, पडून हाये." त्यांनी अंगाला कापराचे तेल चोळले की तो थंड, उग्र वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येई, आणि वरणाच्या फोडणीवर बसे.

तपासण्यांची त्यांना आवड होती, निकालांची नव्हती. रिपोर्ट चांगला आला की त्यांचा चेहरा उतरे. मला म्हणत, "काईच नाई निघालं म्हंते. मंग मी काय खोटं दुखवून राह्यलो का, बाई?" तुमची तब्येत पोरांना लाजवणारी आहे, असे गावातल्या एका डॉक्टरांनी कौतुकाने म्हटले, तेव्हापासून काकांनी त्या गल्लीतून जाणेच सोडले.

काकू गेल्या तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. अंगणात बायका रडत होत्या. उदबत्तीचा आणि कोऱ्या कापडाचा वास एकमेकांत मिसळला होता. काका कोपऱ्यात उजवा कान दाबून बसले होते. "आत सिटी वाजून राह्यली. थांबतच नाई," एवढेच ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. माणूस दगडाचा आहे, असे लोक म्हणाले. ती शिटी पुढे पावसाळाभर थांबली नाही.

त्यांची एकुलती मुलगी विद्या पुण्यात नोकरीला. छातीत दुखते असा निरोप गेला की ती धावत येई. रिपोर्ट स्वच्छ निघे. ती ओठ घट्ट मिटून परत जाई. शेवटच्या खेपेला निघताना दारातच म्हणाली, "बाबा, आता रिपोर्टात काही निघालं तरच बोलवा मले." त्यानंतर दिवाळी येऊन गेली, विद्या आली नाही. काकांच्या पाहुण्याने मग एकाच वेळी चार ठिकाणी बिऱ्हाड मांडले.

अखेर मी त्यांना वर्ध्याला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंना घाई नव्हती. त्यांनी काकांचे लहानपण विचारले आणि काकांनी तेही जुन्या आजारासारखे सांगितले. आई लवकर गेली. पवनारला मामाकडे वाढले. घरात लेकरे पुष्कळ. ताप आला किंवा पोट दुखले की मामी जवळ बसे, गरम मिठाची पुरचुंडी पोटावरून फिरवी. बाकीच्या दिवशी तिला सवड नसे.

"आईची आठवण आली की काय वाटायचं तुम्हाला?" बाईंनी विचारले.

"पोट दुखे."

"आणि मनाला?"

काका गोंधळले. "मनाचा फोटो काढाची मशीन असन तं काढा. मले नाई सांगता येत."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुखणे खरेच आहे, ते खोटे आहे असे कोणी म्हणू नये. ज्या लेकराला दुखल्यावरच जवळ घेतले जाते, त्याचा देह ती एकच भाषा शिकतो. बाकीच्या शब्दांची वाट हळूहळू बुजून जाते. औषध त्यांनी थोडके दिले, आणि एक काम सांगितले. मुलीला फोन करायचा. दुखण्याचा एक शब्द काढायचा नाही. जे वाटते, तेवढेच बोलायचे.

ते काम काकांनी बरेच दिवस लांबवले. मग एका सकाळी मला ओट्यावर साक्षीला बसवून त्यांनी फोन लावला. पलीकडून विद्याने सवयीने तेच विचारले असावे.

"नाई, दुखत नाई. कुठंच नाई."

यानंतर काका थांबले. शब्द गळ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो, हे त्यांच्या मानेच्या शिरांवर मला दिसत होते. "असाच केला," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्या दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. उभ्या जन्मात बाप पहिल्यांदा 'दुखत नाही' म्हणाला, म्हणजे आता सगळे संपले, असे तिने धरले होते. बाप ओट्यावर बसून पोहे खातो आहे, आणि मी शेजारी चहाचा कप धरून आहे, हे पाहिल्यावर तिचा राग उसळला.

"काहीच झालं नाही, तर असा फोन काऊन केला बाबा? जीव मुठीत धरून आली मी."

काका ताटलीकडे पाहत राहिले. बोलले तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. परक्या गावात वाट चुकलेला माणूस विचारतो, तसा तो स्वर होता.

"दुखते म्हटलं तं तू येत नाई. नाई दुखत म्हटलं तं रागावतं. मंग तुले बोलवाचं कसं असते, ते तरी सांग माय."

खांद्यावरची पिशवी न उतरवताच विद्या त्यांच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसली. पोह्यांची वाफ विरत गेली. मी उठून घरी आले आणि भिंतीशी उभी राहिले. पलीकडे पुढचे वाक्य दोघांनाही येत नव्हते.