लाल दोरीवरचं वाळवण

"सरुबाई, पुन्यांदा त्या लाल दोरीवर फडकं दिसलं, तर गाठ माज्याशी हाय!" श्रीपतीनं सकाळी सकाळीच बजावलं.

"अवो श्रीपतीभाऊ, मग वाळवायचं कुटं? आषाढापास्नं ऊन दिसलंय का तुमाला?" सरुबाईनं हातातली फरशी पुसायची काठी आपटली.

तिचंही खोटं नव्हतं. तुंगार्लीच्या त्या कॉलेजात पावसाळ्यात खिळा दिसला की छत्री आणि दोरी दिसली की ओलं कापड, असा रिवाजच होता. पण ही दोरी साधी नव्हती. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या नव्या स्वच्छतागृहात ती लोंबत होती. आत कुणी पडलं-बिडलं तर ओढायची, की भोंगा वाजून माणसं धावत येणार. सरुबाईच्या फडक्यानं तो एकदा वाजला, एका प्राध्यापकाच्या रेनकोटनं दुसऱ्यांदा. प्राचार्य भडकले. "आता एकदा जरी उगाच वाजला, तर कुलूप! जुनी बाकं ठेवीन मी तिथं."

तेव्हापासून श्रीपती त्या दोरीवर पहारा ठेवू लागला. तो आंदर मावळातला, कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन. व्हीलचेअरवरून येणारी राजेश्वरी हे स्वच्छतागृह नव्हतं तेव्हा दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे, हे त्यानं पाहिलं होतं. आता पोरगी कँटीनमध्ये बिनधास्त चहा पीत होती. तिचा तो चहा बंद पडू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

सरुबाईला बजावलं, नेमकं त्याच दिवशी वॉचमन आणि कर्मचाऱ्यांचं सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेले पोलीस इन्स्पेक्टर साहेब गुडघ्यापर्यंत भिजले होते. श्रीपतीनं त्यांना अदबीनं सभागृहाशेजारचं तेच चकचकीत स्वच्छतागृह दाखवलं. साहेब आवरून आले आणि बोलायला उभे राहिले.

"कपडे, नाव, तोंड बघून कुणावर संशय घ्यायचा नाही! आधी पुरावा, मग माणूस. समजलं?"

"व्हय सायेब!"

आणि भोंगा वाजला. असा वाजला, की खिडकीतली कबुतरं उडाली.

सगळे धावले. स्वच्छतागृहाच्या दाराशी याह्या उभा होता, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. हुडी ओलीचिंब, धापा टाकत होता.

"सर, भोंगा ऐकला म्हणून मदतीला पळत आलो..."

"चेहराच सांगतोय!" साहेबांनी त्याची हुडी धरली. "इतकी वर्षं खात्यात काय गवत उपटलं मी?"

"पोराला सोडा सायेब, ही बाई!" श्रीपतीनं थेट सरुबाईकडं बोट केलं. "सकाळीच बजावलं हुतं हिला."

"माज्यावर आळ? अवो, फडकं तर माज्या खांद्यावर हाय की!"

धडा नुकताच दिलेला, ओला होता ना, कुणाच्याच डोक्यात अजून वाळला नव्हता. प्राचार्यांनी हात वर केला. "बास! श्रीपती, कुलूप आण."

श्रीपतीनं किल्ल्यांचा जुडगा पाठीमागं लपवला. मागून राजेश्वरीची खुर्ची आली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत होता. "सर, आधी पुरावा. दार तर उघडा."

दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. तलावाकडच्या खिडकीतून वारा भणाणत होता आणि लाल दोरीवर दोन लांबलचक खाकी मोजे झोके घेत होते.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. राजेश्वरी मात्र खुर्चीत बसलेली. तिची नजर आपसूकच खाली, सगळ्यांच्या बुटांवर गेली.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "तुमचे घोटे गारठले असतील."

साहेबांच्या हातातून याह्याची हुडी आपोआप सुटली. त्यांनी घसा खाकरला. "चुकलो रे बाळा." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "ही अचानक चाचणी होती! भोंगा वाजला? वाजला. माणसं धावली? धावली. व्यवस्था उत्तम! मी तसं लेखी देतो. प्राचार्य, तुम्ही कुलुपाचं काहीतरी म्हणत होता?"

"छे, छे! कुलूप कसलं!"

"सरुबाई, माजंबी चुकलं," श्रीपती कान धरून म्हणाला. साहेबांना ते दार आपणच दाखवलं होतं, तरी त्यांच्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"ते ऱ्हाऊ द्या. आदी मला हितं खुंटी ठोकून द्या."

संध्याकाळी दोरीपासून लांब, भिंतीवर खुंटी लागली. राजेश्वरीनं सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः दोन कप प्यायली.

आठवड्यानं श्रीपतीच्या मोबाइलवर इन्स्पेक्टर साहेबांचा फोन आला. "श्रीपती, ते... आमचं सामान?"

श्रीपतीनं फोन कानाला लावूनच स्वच्छतागृहात जाऊन खुंटीवरचे खाकी मोजे चाचपले.

"अजून वलंच हाय सायेब. दसऱ्याला या."