टॅपेट वाजतंय

आमच्या मंगळवार पेठेत कोणी भेटलं की 'जेवलासा काय?' असं विचारतात. आण्णा चौगुले तसलं काही विचारत नाहीत. ते आधी तुमच्या गाडीचा आवाज ऐकतात, मान तिरकी करतात आणि सांगतात, "टॅपेट वाजतंय." इंजिनाच्या डोक्यातला हा इवलासा भाग सैल झाला की टकटक वाजतो, एवढं ज्ञान मला त्यांच्या शेजारी राहून फुकटात मिळालं आहे.

माझ्या सासऱ्यांना न्यायला शववाहिका आली तेव्हा सगळे डोळे पुसत होते. आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मास्तर, गाडी मिसिंग मारतीया. पंचगंगेपातूर जाईल न्हवं?" गाडी अर्ध्या वाटेत, पापाच्या तिकटीच्या चौकातच बंद पडली. माझी बायको त्यानंतर दोन महिने आण्णांशी बोलली नाही, जणू ती त्यांनीच बंद पाडली होती.

उद्यमनगरात लेथवर पस्तीस वर्षं काढून आण्णा निवृत्त झाले आणि वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या मागे लागले. त्याला सहा वर्षं झाली. तेवढ्यात माझा मुलगा दहावी होऊन इंजिनिअर झाला, पण आण्णांचं एक इंजिन होईना. दारातल्या कट्ट्यावर पोत्यावर ते उघडं पडलेलं. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, पिस्टन देवघरात. देवघरात का, तर "तितं धूळ बसत न्हाय." दसऱ्याला चौगुले काकूंनी देवांबरोबर पिस्टनलाही हळदीकुंकू वाहिलं. आण्णांनी तो तीन दिवस पेट्रोलात बुडवून ठेवला आणि काकूंना बजावलं, "हळद रिंगांत जातीया. देवाला चालती, इंजिनला न्हाय."

रंगाची तऱ्हा त्याहून वरताण. टाकीवरचा रंग काढायला बाजारात औषध मिळतं. लावलं की तासाभरात पत्रा मोकळा. मी आपला शेजारधर्म म्हणून एक डबा आणून दिला. मी पांढऱ्या रश्श्यात साखर घातल्यासारखं आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ते पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचे, रोज तळहाताएवढीच जागा. "औषद सगळंच खातंय, मास्तर. कुटं थांबायचं त्ये त्येला कळत न्हाय."

कुठं थांबायचं ते आण्णांना तरी कुठं कळतंय, असं मी त्यांच्या आवाजात पेठभर सांगत फिरलो. लोक पोट धरून हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

त्या टाकीवर रंगांचे थर होते. मूळचा काळा वडिलांच्या काळातला. मग आण्णांचा धाकटा भाऊ बाळू, त्याचं लग्न शिवाजी पेठेतल्या मुलीशी झालं आणि पठ्ठ्या सासरवाडीच्या फुटबॉल संघासाठी ओरडायला लागला. कोल्हापुरात माणूस पक्ष बदलतो, पेठ बदलत नाही. बाळूनं सामाईक गाडीची टाकी सासरच्या संघाच्या लाल रंगानं रंगवली. आण्णांनी आपल्या पेठेचा हिरवा मारला. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. शेवटचा हिरवा आण्णांनी फायनलच्या सकाळी मारला आणि कोणाला सांगितलं नाही. बाळू पांढऱ्या पँटीत घाईघाईनं गाडीवर बसला, टाकीला गुडघे लावून थेट मैदानात गेला. लालवाल्यांच्या घोळक्यात त्याच्या हिरव्या मांड्या आख्ख्या मैदानानं पाहिल्या. त्यात त्याचा संघ हरला. संध्याकाळी त्यानं गाडीची किल्ली कट्ट्यावर फेकली आणि बायकोला घेऊन नोकरीच्या गावी, वारणानगरला निघून गेला. नऊ वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत.

गेल्या रविवारी इंजिन एकदाचं गाडीवर चढलं. टाकी बसली. आता एखादा टोमणा मारावा म्हणून मी गेलो आणि बघतच राहिलो. वरचा हिरवा पार गेला होता. खाली बाळूचा लाल, कुठेही ओरखडा नाही. सहा वर्षं हा माणूस फक्त स्वतःचा रंग काढत बसला होता, आणि मी त्याच्या नकला करत होतो. मला माझीच लाज वाटली.

"मास्तर," आण्णा म्हणाले, "बाळ्याचा नंबर हाय न्हवं तुमच्याकडं? लावा की. माझा फोन उचलत न्हाय त्यो."

मी फोन लावला. "बाळू, मी शेजारचा मास्तर. बोलू नको, नुसतं ऐक," म्हणालो, आणि स्पीकर लावून फोन इंजिनाजवळ धरला. आण्णांनी किक मारली. ती उलटी बसली. नडगी चोळून त्यांनी दुसरी मारली, तिसरी मारली, आणि गाडी धडधडायला लागली. पलीकडून काहीच आवाज येईना. बाळूनं फोन ठेवला असं मी धरून चाललो.

मग तो बोलला. "मास्तर, त्येला सांगा, टॅपेट वाजतंय."

आण्णांनी गाडी बंद केली. आण्णांच्या कामात खोट काढणारा अजून पेठेत जन्मायचा होता. मी जरा मागे सरकलो. पण ते फोनवर वाकून म्हणाले, "व्हय? मला आता बारीक आवाज कळत न्हाय बग. तूच यून आवळून जा."



"तितं बारका पाना हाय," बाळूनं विचारलं, "का मीच घिऊन यू?"

"तुजाच घिऊन ये."

फोन ठेवल्यावर मला राहवेना. "आण्णा, तुमच्या हातून टॅपेट सैल कसं राहिलं?"

आण्णा पाठमोरे होऊन टाकी पुसत होते. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होते.

"ऱ्हायलं न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "अर्धा आटा सोडलाय."