मेश्रामभाऊंचा पाऊस

पाऊस सुरू झाला की माणसं छत्री उघडतात, मेश्रामभाऊ मिटत. त्यांच्या पर्जन्यमापकाच्या कुंपणात उघडी छत्री न्यायला सक्त मनाई होती. "छत्रीचं पानी मापकात टपकलं, तं तो पाऊस आभायाचा का छत्रीचा?" असा त्यांचा सवाल. एकदा तपासणीला आलेले इंजिनिअर साहेब कुंपणात पंधरा मिनिटं भिजत उभे राहिले. भाऊ म्हणाले, "साहेब सुकतीन. आकडा बिघडला तं कोन सुधरवन?"

मी तेव्हा चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नदीनाल्यांच्या कामासाठी गावोगावचे पावसाचे आकडे माझ्या टेबलावर येत. एटापल्लीच्या अलीकडच्या एका गावातून मेश्रामभाऊंचा आकडा येई. रोज सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. शेराच्या रकान्यात ते काहीही लिहीत. "बकरी आत शिरली. आकड्यावर परिणाम नाही." दुसऱ्या दिवशी, "तीच बकरी."

त्यांना 'जोराचा पाऊस' हा शब्द खपत नसे. कोणी म्हटलं की लगेच, "जोराचा म्हंजे किती जी?" 'अंदाजे' म्हटलं तर त्यांच्या कपाळावर आठ्या चढत. घरात एकटेच असत. बायको वारलेली, आणि एकुलती मुलगी सुनंदा पुढे भामरागडच्या वाटेवरच्या एका गावी शाळेत मास्तरीण.

त्यात उपग्रह आला. टीव्हीवर ढगांचे फोटो दाखवतात हे कळल्यावर भाऊ मनापासून चिडले. मी कामानिमित्त गेलो तेव्हा मला म्हणाले, "वरून त्याले ढगाच्या डोक्याची टायू दिसते, बाबूजी! टायू पाहून मानूस हासून राह्यला का रडून राह्यला, समजते का? पाऊस तं खाली पडते!"

मग एका श्रावणात त्या भागात दिवसभर असा काही पाऊस कोसळला की पोलिसांच्या वायरलेसवरून आलेला भाऊंचा आकडा मी तीनदा विचारून घेतला. वरच्या साहेबांनी त्याच्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं. मापकाच्या बाटलीत मावतं त्याच्या तिपटीहून जास्त पाऊस! साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बाटलीत मावत नाही, म्हणजे पडलेला नाही. आकडा दुरुस्त करून पाठवा.

भाऊंचं उत्तर आलं, "बाटली तीनदा रिकामी करून मोजली. दिवसभर मापकापाशीच होतो. पाऊस बाटलीले विचारून पडत नाही."

बारा दिवस हे चाललं. आम्ही विचारायचं, भाऊंनी तोच आकडा पाठवायचा. साहेब म्हणाले, मोजणाराच बदलून टाकू. या माणसाकडून मापक काढून घेतलं तर त्याच्याकडे उरणार काय?

तेवढ्यात पुण्याहून जोशीबाई आल्या. उपग्रहाच्या फोटोंवरून अतिवृष्टी मोजता येते का, म्हणजे नदीला केवढा पूर येईल ते सांगता येईल, असा त्यांचा अभ्यास होता. मी त्यांना जीपमधून भाऊंकडे नेलं. बाई रिमझिम पावसात छत्री मिटून कुंपणात शिरल्या आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी प्लास्टिकच्या कागदाखाली त्या दिवसाचे फोटो उलगडले. "ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड आणि इथं तितका पांढरा. हे बघा तुमचं गाव. इतका पांढरा ढग त्या दिवशी दुसरीकडे कुठंच नव्हता. तुमचा आकडा मला खरा वाटतो, भाऊ. साहेबांना तसं लेखी देते. आमचा नुसता अंदाज असतो. तो बरोबर की चूक, ते तुमच्यासारख्यांच्या आकड्यावरूनच ठरतं."

मला वाटलं, आता भाऊ उपग्रहाला दोन शब्द ऐकवणार. ते फोटोवर वाकले आणि पांढऱ्या डागाच्या पलीकडे त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, इथी माही सुनंदा राह्यते. डोंगराच्या पल्याड. तिकडचा रस्ता तुटला, टपाल बंद. बारा दिवस झाले, पोरीची खबर नाई. शाळेच्या खोलीतच राह्यते, नाल्याच्या काठी. त्या गावात मापक नाई. मी कोनाले विचारू?"

बारा दिवस आम्ही या माणसाला बाटलीबद्दल विचारत होतो. पोरीबद्दल एकानंही विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

बाई भिंग लावून बराच वेळ पाहत राहिल्या. "इथं ढग पातळ आहे, भाऊ. तुमच्या गावच्या निम्माही पडला नसेल. पण मी छातीठोक सांगू शकत नाही. अंदाजे..." आणि त्यांनी एक आकडा सांगितला.

भाऊ चिखलातच मटकन खाली बसले. तोंडावरून पाणी निथळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "एक डाव अजून सांगा."