तीन आडव्या, एक उभी

“चिनी भाषा? माझ्या डाव्या हातचा मळ!” त्रिवेणीनं अख्ख्या मानवत गावाला सांगून टाकलं होतं. दहावीतली पोरगी, मोबाइलवर महिनाभर क्लास केलेला, आणि आत्मविश्वास कापसाच्या गंजीएवढा!

तिचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. तिथं मशीन बसवायला चीनहून वांगबाई आल्या होत्या. बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि त्रिवेणीला बजावलं, “तू त्यांचं स्वागत नीट केलंस तर क्लास चालू. न्हाई तर गणिताची शिकवणी!”

त्रिवेणी कसली डगमगते! चिनी लोक आडनाव आधी घेतात, मानाची पदवी मागून लावतात. कारागिराला म्हणायचं ‘शिफू’, म्हणजे आपले उस्ताद. “वांग शिफू, आपलं स्वागत असो!” हे तिनं चिनीत आरशासमोर घोकघोक घोकलं. मग दारात रांगोळीनं त्यांचं आडनाव काढायला बसली: तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. 王! काय रुबाबदार अक्षर! एवढ्याशा जागेत अख्खं खानदान! क्लासमध्ये रेघांचा क्रम वेगळा शिकवला होता, पण रांगोळीला कोण विचारतं! तिन्ही आडव्या झाल्या, उभी काढणार, तोच जीप दारात!

शिवम्मा आजी बाहेर आली. रांगोळी बघून थबकलीच.

“अगं बया, भस्माचे पट्टे! पाव्हणी आपल्यातली हाय व्हय?”

“आजी, ते आडनाव आहे त्यांचं! अजून अर्धंच—”

“आडनावातच महादेव? लय भाग्याची बाई!”

त्रिवेणी तिला अडवेपर्यंत आजीनं देवघरातून भस्म आणलं आणि उंबऱ्यातच वांगबाईंच्या कपाळावर तीन बोटं सर्रकन ओढली!

त्रिवेणी घाईनं पुढं झाली. घोकलेलं वाक्य भुर्र! “वांग... वांग...” थंडीत किक मारलेल्या लुनासारखा नुसता आवाज.

वांगबाईंनी मोबाइलमध्ये कपाळ पाहिलं. बाबा पांढरेफटक! मग वांगबाईंनी रांगोळी पाहिली, भस्मात बोट बुडवलं आणि कपाळावरच्या रेघांमधून एक उभी रेघ ओढली.

“वांग!” त्या खदखदून हसल्या. मग आजीचा हात दोन्ही हातांत धरून, वाकून म्हणाल्या, “शिफू!”

“काय म्हणायलीय गं?”

“तुला उस्ताद म्हणाल्या, आजी! एका फटक्यात तीन सरळ रेघा! मला अजून जमत न्हाईत.”

“मंग क्लास चालू,” बाबांनी घाम पुसला. “दोघींचाबी!”

आता रोज मोबाइलसमोर आजी ऐटीत बसते. त्रिवेणी मागं. आणि क्लासच्या मॅडम म्हणतात, “त्रिवेणी, रेघा वाकड्या का? जरा आजींकडून शीक!”