सासूबाईंसाठी सहा व्होल्ट

पॉवर सप्लाय विकत घ्यायचा, हे मी दाढी करताना ठरवलं. माझे बहुतेक मोठे निर्णय दाढी करतानाच होतात. निस्तरायला मात्र अख्खं घर लागतं.

आता पॉवर सप्लाय म्हणजे काय ते सांगायला हवं. मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. नाद म्हणजे, बंद पडलेल्या वस्तू मी उघडतो. (त्या पुन्हा मिटतातच असं नाही.) माझ्यासारख्या नादिष्टांच्या टेबलावर एक डबा असतो. त्याला दोन गोल बटणं, दोन काटे आणि दोन वायरी. एका बटणाने हवे तेवढे व्होल्ट घ्यायचे, दुसऱ्याने करंटला मर्यादा घालायची, म्हणजे काही चुकलंच तर डबा हात आखडता घेतो आणि समोरची वस्तू जळत नाही. हे सगळं मला आता नीट माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की असा डबा सगळ्यांकडे आहे आणि माझ्याकडे नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात सासूबाईंचा रेडिओ बंद पडला.

सासूबाई काही महिन्यांपासून आमच्याकडे राहत होत्या, आणि त्यांनी इथून जाऊ नये असं घरात सर्वांत जास्त मला वाटत होतं. हसू नका. एक तर त्या आल्यापासून आमच्या हिची बोलणी आम्हा दोघांत वाटली जायची. दुसरं म्हणजे मी ऑफिसातून आलो की त्या विचारायच्या, "काय जावईबापू, आज काय काय झालं तुमच्याकडे?" मी आवक-जावक विभागात आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचं. तिथे आज काय झालं हे विचारणारं माणूस साऱ्या जगात एकच, आणि ते माझ्या घरात मटार सोलत बसलेलं असायचं. असं माणूस कोण सोडेल?

पण मेहुण्याचा फोन आला. मेहुणा इंजिनिअर. त्याच्या घरी दिवे आपोआप लागतात, पडदे आपोआप सरकतात. तो म्हणाला, "आई, रविवारी मी तुला न्यायला येतोय. तुझ्यासाठी नवा रेडिओ आणून ठेवलाय. तिथे काय, सगळा ठणठणाट!"

"बघू रविवारपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे आता सगळं रेडिओवर होतं. रेडिओत मी नवे सेल घालून पाहिले होते, पाठीत थापट्या मारून पाहिल्या होत्या. ढिम्म! म्हणजे दुखणं आतलं होतं. रविवारच्या आत रेडिओ बोलायला हवा, आणि त्यासाठी डबा हवा.

मी हिच्यापुढे प्रस्ताव मांडला.

"त्या डब्यातून काय निघतं?" हिने विचारलं.

"वीज."

"मग भिंतीतून काय निघतं?"

"तीही वीजच. पण ती फार असते. डबा ती कमी करून देतो."

"म्हणजे आहे ती वीज कमी करायला आपण पैसे द्यायचे?"

शेवटी "आईच्या रेडिओसाठी" या दोन शब्दांवर मंजुरी मिळाली. रक्कम अशी मिळाली की तेवढ्यात डब्याचं झाकण आलं असतं.

मग मी निवड करायला बसलो. चांगल्या कंपनीच्या नव्या डब्याची किंमत पाहिली आणि फोन खाली ठेवून पाणी प्यायलो. स्वस्तातले नवे डबेही होते. दिसायला देखणे, चकचकीत लाल आकडे, हातात धरा आणि चालू लागा. एका गिऱ्हाइकाने खाली लिहिलं होतं, 'उत्तम वस्तू. धूर थोडा येतो.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'धूर येणं बंद झालं. आता काहीच येत नाही.' तिसरा मार्ग म्हणजे सेकंडहँड.

"काय शोधताय एवढं?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळी अडचण सांगितली. त्या मटाराची शेंग हातात धरून विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, "जी जड असेल ती घ्या."

"आई, हे यंत्र आहे. पातेलं नव्हे."

"वस्तू ती वस्तूच. हलकी वस्तू हलकीच निघते."

जुन्या उपकरणांच्या दुकानात मी गेलो तेव्हा हे वाक्य डोक्यात एवढं बसलं होतं, की मी एकेक डबा दोन्ही हातांनी उचलून जोखू लागलो. दुकानदार बराच वेळ बघत होता.

"साहेब, पॉवर सप्लाय घेताय की कलिंगड?"

मी सर्वांत जड डब्यावर हात ठेवला. राखाडी रंगाचा, अक्षरं पुसलेला, आत भलाथोरला ट्रान्सफॉर्मर. दुकानदाराचा चेहरा एकदम गंभीर झाला. "रेडिओसाठी ना? मग हाच. हलके डबे रेडिओत खरखर करतात." म्हणजे सासूबाईंचं बरोबर होतं! मग त्याने मला बटणं समजावून सांगितली. हे याचं, ते त्याचं, हे असं ठेवा, ते तसं. मी मान डोलावली. ऑफिसात आयुष्य गेल्यावर समोरचा बोलत असताना मान आपोआप डोलते. कानांचा त्याच्याशी संबंध नसतो.

डबा बसमधून मांडीवर आणला. उतरलो तेव्हा पाय माझे आहेत की बसचे, ते कळेना.

जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मला दिलेला आहे. तिथे डबा ठेवला, काटा बरोबर सहा व्होल्टवर आणला (रेडिओला चार सेल लागतात, म्हणजे सहा व्होल्ट, एवढा हिशेब मला येतो), आणि वायरींचे चिमटे रेडिओच्या आत जोडले, ते थेट सेलच्या कप्प्यातून आलेल्या तारांना. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. मी बटण दाबणार, तेवढ्यात हिची हाक आली, "अहो, चहा! गार झाला तर पुन्हा करणार नाही." मी गेलो. सासूबाईही मागोमाग आल्या. चहा घेऊन परतलो तर काटा शून्यावर. जुनं यंत्र, घसरत असेल काटा. पुन्हा सहावर आणला आणि रेडिओ लावला.

डब्यावर लाल दिवा लागला. काटा धाडकन शून्यावर. रेडिओ मुका.

"काय झालं हो?" सासूबाई.

"शॉर्ट!" मी म्हणालो. हा शब्द उच्चारला की माणूस जाणकार वाटतो. "रेडिओच्या आतच शॉर्ट आहे."

मग मी रेडिओ पुरता उघडला. स्क्रू, स्पीकर, पट्टी, दोरा, चकत्या असं करत टेबल भरलं. सासूबाईंनी ते सगळं पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे पुन्हा एकात जाईल ना?" त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला माझीच लाज वाटली. हा रेडिओ सासऱ्यांनी घेतलेला. "जाईल आई, जाईल," मी म्हणालो. आणि गेलाही, फक्त दोन स्क्रू उरले. ते मी खिशात टाकले.

शॉर्ट काही सापडेना. म्हणजे डब्यातच खोट! डबा पुन्हा मांडीवर, पुन्हा बस, पुन्हा दुकान. दुकानदाराने दोन्ही बटणं फिरवली आणि बल्ब लावला. लख्ख पेटला. "नीट आहे की," तो म्हणाला. घरी आणला, मीही बल्ब लावला. पेटला! आता रेडिओ लावणार तोच जेवणाची हाक आली. जेवून आलो, काटा शून्यावर. सहावर आणला, बल्ब लावला. लाल दिवा.

मी हात टेकले. प्लग बदलला. भिंत बदलली. स्लिपर घालून पाहिलं, काढून पाहिलं. "तुम्ही जेवलात की तो रुसतो," सासूबाईंनी निरीक्षण नोंदवलं. हे मला इतकं पटलं की शनिवारी मी डबा आणखी एकदा दुकानदाराकडून तपासून आणला आणि दुपारी उपाशी बसलो. तासभर बल्ब लख्ख जळत राहिला! मग रेडिओ जोडायचा म्हणून मी आनंदाने हात धुवायला गेलो आणि आलो, तर पुन्हा लाल. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना.

रविवार उजाडला. मेहुणा निघाल्याचा फोन आला. सासूबाईंची बॅग दाराशी येऊन बसली होती. मी डब्याची वायर हातात घेऊन दाराआड उभा होतो, आणि तिथून मला ते दिसलं.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. येताना गॅसचं बटण फिरवून बंद करून आली. इस्त्रीचं बटण डावीकडे. पंख्याचं डावीकडे. आणि जाता जाता, हातातल्या फडक्यासकट, माझ्या डब्याची दोन्ही गोल बटणं, कट कट, डावीकडे शेवटपर्यंत!

"अगं!!" मी ओरडलो.

"काय झालं?"

"तू हे काय केलंस?"

"बंद केलं. तुम्ही उघडी बटणं टाकून उठता. मागे एकदा गॅस असाच उघडा राहिला होता, विसरलात? तेव्हापासून दिसलं गोल बटण की मी फिरवते."

"अगं, हा गॅस नाही! ते दुसरं बटण करंटचं, दुकानदार सांगत होता ते हेच! ते शून्यावर नेलंस तर डबा काहीच देणार नाही!"

"मग ते शून्यापर्यंत फिरतं कशाला?"

व्होल्टचा काटा शून्यावर दिसला की मी तो सहावर आणत होतो. करंटच्या बटणाकडे मात्र ढुंकूनही पाहत नव्हतो. आणि डबा बिचारा, करंट द्यायला मनाई असल्यामुळे, लाल दिवा लावून बसत होता. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी काटा सहावर आणला, करंटचं बटण जरासं उजवीकडे फिरवलं, चिमटे जोडले, आणि रेडिओ बोलला.

कोणी बाई कुंडीतल्या झाडांना पाणी किती घालावं ते सांगत होत्या. एक बारीकशी खरखर नाही. सासूबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगंबाई! बोलला गं!" आमची ही डोळ्यांना पदर लावून हसत होती. मला तर वाटलं, रेडिओचा शोध मीच लावला. जीव भांड्यात पडला, आणि दाराची बेल वाजली.

मेहुणा आत आला. त्याने रेडिओ पाहिला, वायरी पाहिल्या, आणि तो राखाडी धोंडा पाहिला.

"भावोजी, हा रेडिओ या डब्याशिवाय चालत नाही?"

"नाही," मी अभिमानाने म्हणालो. "आतलं दुखणं आहे."

त्याने रेडिओ उलटा केला. सेलचा कप्पा उघडला, आत नखाने खरवडलं. "ताई, तुझी नखं घासायची कानस दे जरा." हिने दिली. त्याने कप्प्यातली स्प्रिंग घासली, फू केलं, चार सेल घातले आणि माझे चिमटे काढून बाजूला ठेवले. रेडिओतल्या बाई पुढे बोलू लागल्या. आता त्या खतावर आल्या होत्या.

"स्प्रिंगला गंज होता," मेहुणा म्हणाला. "बाकी रेडिओ ठणठणीत आहे. तुम्ही स्प्रिंग सोडून आत चिमटे लावलेत, म्हणून चालला."

म्हणजे पॉवर सप्लाय नको होता, बस नको होती, माझा उपास नको होता. ही माझ्याकडे बघत होती. मंजूर केलेली रक्कम तिच्या डोळ्यांत आकड्यांसकट दिसत होती. पण मला खरं सांगायचं तर त्याचं काही वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते दाराजवळच्या बॅगेचं. रेडिओ आता सुटा झाला होता, हातात धरून कुठेही नेता येण्यासारखा.

"चल आई," मेहुणा म्हणाला. "हाही रेडिओ घे बरोबर."

सासूबाईंनी रेडिओ उचलला. माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी नाही येत."

"आई," मी म्हणालो, "माझ्यासाठी राहताय?"

"तुमच्यासाठीच की," त्या प्रेमाने म्हणाल्या. मी पुढे होऊन नमस्कारच करणार होतो, पण त्या लेकाकडे वळून बोलू लागल्या. "तुझ्याकडे सगळं आपोआप चालतं रे बाळा. दिवसभर बघायचं काय मी? इथे या आठवड्यात कसा वेळ गेला, कळलंसुद्धा नाही."

आणि त्यांनी रेडिओ त्याच्या हातात दिला.

"हा घेऊन जा तूच. मला इथे जावईबापू आहेत."