राइनाबाईंचा तळमजला

राइनाबाईंना तळमजल्यावरचं घर हवं होतं. डॅन्यूबकाठच्या त्या गावात, जिने झेपत नाहीत अशा एकट्या म्हाताऱ्या माणसांना सरकार तशी घरं देत असे. बाई विधवा, राहायला पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्ट कायमची बंद. अडचण एवढीच, की जिने त्यांना अजून झेपत होते. पण गुडघे जाईपर्यंत थांबायचं कुणी? तपासणीच्या दिवशी त्या नवऱ्याची काठी घेऊन कण्हत बसल्या.

तपासनीस ग्रोझदान वर आले ते उंबऱ्यातच कोसळले. चेहरा पांढराफटक.

"गोळी... छातीची... घरी राहिली..."

बाईंनी काठी भिरकावली. धडाधडा खाली उतरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून गोळी आणली. वर आल्या तेव्हाही धापा टाकत होते ते ग्रोझदानच.

हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला. "बाई, जीव वाचवलात. पण आता जिने झेपत नाहीत असं कोणत्या तोंडानं लिहू?"

"ज्या तोंडानं गोळी खाल्लीत त्यानंच!"

ग्रोझदान प्रामाणिक होते. ते खजील होऊन उठले, आणि त्यांचा गुडघाच धरला. पाऊल उचलेना. कचेरीत फोन करून झाला प्रकार खराखरा सांगितला, तर माणूस उद्या येईल म्हणाले. रात्र सोफ्यावर काढणं आलं.

सकाळी कचेरीतून देनित्सा नावाची अधिकारी आली. ग्रोझदानसाहेब दिवंगत यजमानांच्या सपाता घालून चीज भरलेला गरम बानित्सा खात होते.

"एकट्या राहता ना, बाई?"

"अगं, हे पाहुणे आहेत!"

"सपाता घालून?" देनित्सानं कागदावर काट मारली. "अर्ज बाद. जिनेही झेपतात, एकट्याही नाही."

बाईंचे डोळे भरून आले. हे पाहून देनित्सा जरा नरमली. "जोडप्यांची घरं मात्र रिकामी पडलीयत. दोघांतल्या एकाला जिने झेपत नसले तरी पुरतं."

दोघींची नजर ग्रोझदानांच्या गुडघ्यावर गेली.

"मी चौथ्या मजल्यावर राहतो," ते चाचरत म्हणाले. "बायको जाऊन बरीच वर्षं झाली."

"घोरता?" बाईंनी विचारलं.

"ती म्हणायची, थोडंसं."

बाई देनित्साकडे वळल्या. "त्या घरांना खोल्या किती गं?"

"दोन."

"मधलं दार नीट लागतं?"

"लागतं की."

"मग लिही."