थोरली, धाकली आणि बिरूमामा

आमचे बिरूमामा लग्नात अक्षता डाव्या हाताने टाकतात. यवतला त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी हे पाहिलं आणि पंगत उठेपर्यंत तिकडच्या बायकांना तो एकच विषय पुरला. मामांचा उजवा हात त्या वेळी खिशात होता. अक्षतांना हळद असते, हळद बोटांना लागते, आणि मामांच्या मते ती तीन दिवस जात नाही. तीन दिवसांत त्यांच्या हाताखालून ज्या लेन्स जातात त्यातली एखादी पिवळी पडली तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल असतो.

शिक्रापूरजवळच्या ज्या कारखान्यात मी आणि मामा काम करतो, तिथे लेन्स बनतात. कॅमेऱ्याच्या नाहीत, चष्म्याच्या नाहीत, थेट बुबुळावर बसवायच्या. मी कागद सांभाळतो, मामा, म्हणजे सगळ्या कारखान्याचेच मामा, मशीन सांभाळतात. आत जाताना टोपी, मास्क, झगा, हातमोजे असा सगळा जामानिमा करावा लागतो आणि माणसाचे फक्त डोळे उघडे राहतात. मी एकदा त्यांना विचारलं, "मामा, हातमोजे असतात की. मग हळदीचं एवढं काय?"

"मोज्याच्या आत बोटच हाय ना, सायेब," मामा म्हणाले. आणि त्यांनी दुसरा मोजा चढवला.

हळदीपायीच मामा भाकरीसुद्धा चमच्याने खातात. रश्श्यात कुस्करायची आणि चमच्याने उचलायची. त्यांच्या गावी, मांडवगण फराट्याला, जत्रेच्या जेवणात त्यांनी मटणाचं नळीचं हाडूक चमच्यात तोलून धरलं तेव्हा धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुला द्येवानं हात दिल्यात का न्हाई?" मामांनी शांतपणे हाडूक संपवलं. त्याला वेळ लागला, पण त्यांनी संपवलं.

आता त्यांच्या मशीनबद्दल सांगायला हवं. लेन्स साच्यातून निघते तेव्हा कडक असते. मग ती पाण्यात भिजवतात, आणि भिजली की दुधावरच्या सायीसारखी होते. ही साय पाण्यातून उचलून प्लास्टिकच्या इवल्याशा वाटीत ठेवायची, तीही न फाटता, न दुमडता आणि सुलट. हे काम एक मशीन करतं. त्याला मऊ रबराचे आठ कप आहेत. कप खाली येतात, हवा आत ओढतात, लेन्स अलगद चिकटते, आणि वाटीवर गेल्यावर हवेची फुंकर मारून ते तिला सोडतात. कागदोपत्री या मशीनला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. मामा तिला थोरली म्हणतात आणि तिच्या आठ कपांना आचळं.

मामांच्या घरची पूर्वीची मेंढरं. लहानपणी ते वडिलांबरोबर कळपामागे हिंडले. नुकतं जन्मलेलं कोकरू कसं उचलायचं ते वडिलांनी शिकवलं: खालून तळहात घालायचा, बोटं आवळायची नाहीत. तेवढ्या एका शिकवणीवर मामांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. "धरायचं न्हाई, उचलायचं," हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणतात. नव्या कामगारांना म्हणतात ते ठीक आहे. पण शिक्रापूरच्या बाजारात टोमॅटो दाबून बघणाऱ्या अनोळखी बाईलाही त्यांनी हेच ऐकवलं आणि पिशवीचा एक फटका खाल्ला. माझी मुलगी झाली तेव्हा ते बघायला आले होते. मी तिला घेतलेलं बघून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, यास्नी आदी माज्याकडं आठ दिस ट्रेनिंगला पाठवा."

थोरलीशी मामा बोलतात. पाळी सुरू झाली की पहिलं वाक्य तिला. "काय थोरले, झाली का झोप?" मग मास्कआडून गावाकडची खबरबात, मुलीच्या सासरचं, भावाने पुन्हा विहिरीवर कशी कटकट केली ते. बोलता बोलता ते तिचा सुस्कारा ऐकत असतात. एके सकाळी ते म्हणाले, "आज हिचा दम जड हाय." हवेच्या दाबाचा काटा बरोबर दाखवत होता, म्हणून मेंटेनन्सवाले हसले. दुपारी मागच्या बाजूची रबरी नळी चिरलेली सापडली. तेव्हापासून मेंटेनन्सवाले काटा बघतात आणि मग मामांकडे बघतात.

मामी वारल्याला सात वर्षं झाली. मामा शिक्रापुरात एका खोलीत एकटे राहतात. कँटीनमध्ये मात्र आम्ही त्यांची चेष्टा करायचो की मामांनी कारखान्यात दुसरा संसार मांडलाय. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा असायचा.

मागच्या हिवाळ्यात नवं मशीन आलं. त्याला सोळा कप, वर कॅमेरा, आणि लेन्स उलटी आहे की सुलटी ते त्याचं त्यालाच कळतं. मी लगेच कँटीनमध्ये जाहीर केलं, "मामा, धाकली आली बरं का." सगळे हसले. मामा हसले नाहीत. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की आठवड्याभरात नवी नीट चालली तर जुनी भंगारात जाईल, नाही चालली तर नवी परत जाईल आणि जुनी राहील.

नवी बसवायला तमिळनाडूकडचा सेल्वम नावाचा इंजिनियर आला होता. बारीक, चटपटीत, आणि चुका करत का होईना, हिंदीत सगळ्यांशी बोलणारा. नव्या मशीनवर मामांनाच बसवायचं होतं, म्हणून ते दिवसभर त्याच्याबरोबर. पहिल्या दिवशी सोळा कप खाली गेले, सोळा लेन्स उचलल्या, आणि सोडताना त्यातल्या निम्म्या फाटल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. सेल्वमने हवा कमी केली, जास्त केली, कपांची उंची बदलली, कंपनीला फोन लावले. लेन्स फाटतच राहिल्या.

आणि मामा गप्प होते. ना सेल्वमशी बोलत, ना थोरलीशी. जेवताना चमचा ताटात फिरवत बसायचे. मला वाटलं, नवी जोडीदारीण मानवली नाही.

खरं कारण मला नंतर कळलं. बिघाड काय आहे ते मामांनी पहिल्याच सकाळी ओळखलं होतं. मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं की कप रोज स्पिरिटने पुसावेत. मामा थोरलीचे कप पुसायचे, पण पाळी संपताना. मग ते रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. सेल्वम बिचारा सकाळी मशीन सुरू करण्याआधी पुसत होता. कप कोरडेठाक, लेन्स ओली. ती चिकटून बसायची आणि फुंकर मारली की फाटायची. एवढंच होतं. मामांनी एक शब्द उच्चारला असता तर नवी चालू झाली असती, आणि थोरली गेली असती.

चौथ्या दिवशी दुपारी सेल्वम जेवायला आमच्या टेबलावर आला. त्याची बायको दिवस भरत आलेली, माहेरी होती. संध्याकाळची दौंडहून गाडी होती आणि तिकीट रद्द करावं का, याचा तो विचार करत होता. त्याने मोबाइलवर बायकोचा फोटो दाखवला आणि विचारलं, "मामाजी, आपके इधर भी पहला बच्चा लड़की के माँ के घर में होता है?"

"व्हय," मामा म्हणाले. फोटोकडे बराच वेळ बघून त्यांनी मोबाइल परत दिला. मग चमचा ठेवून ते उठले. "चल आतमदी. कप पानी में डुबाव. फडका मत मारो सकाळी."

अर्ध्या तासात सोळाच्या सोळा लेन्स वाट्यांमध्ये जाऊन बसल्या. पुन्हा सोळा, पुन्हा सोळा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मामा काचेपलीकडे थोरलीजवळ जाऊन उभे होते आणि तिच्या कपांवरचं पाणी शेवटचं टिपत होते.

सेल्वमला दौंडला सोडायला माझी गाडी निघाली. मामा न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर त्याच्यासाठी गुळाची ढेप. न्हावऱ्यावरून जाताना पुढे उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्यामागे रेंगाळत गेलो. मामा ढेप या मांडीवरून त्या मांडीवर घेत होते. ऊन उतरता उतरता आम्ही स्टेशनात पोचलो. फलाटावर त्यांनी गूळ त्याच्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाले, "सेल्वम, मेरेकू पयले दिन से मालूम था. मैं बोला न्हाई. चार दिन तेरेकू अडकवून ठेवा. तेरी बायको उधर आन् मी इधर गप्प. लई चुकलं माजं."

मला त्या क्षणी मामांचा राग आला. लगेच कँटीनमधले माझे विनोद आठवले आणि राग माझ्याकडेच वळला.

सेल्वम हसला. "मामाजी, मुझे आज सुबह पता चला. सूट में सिर्फ आँख दिखता है ना. मैं कपड़ा उठाता, आप आँख बंद करता. चार दिन वही."

"मंग तू का न्हाई दुरुस्त केलं?"

"सोचा, दोपहर तक रुकता हूँ. मैं ठीक करता तो आपका बात आपके अंदर ही रह जाता."

गाडी आली. सेल्वम वाकून मामांच्या पाया पडला आणि चढला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मामा उभे राहिले. मीही राहिलो.

परतताना चौफुल्याला चहाला थांबलो. मामांनी कप दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यांदाच मला नीट, सरळ सांगितलं. "सायेब, थोरली गेल्यावर माजी कारभारीन गेली तवासारखंच व्हनार बगा. खोलीवर कुनी न्हाई. पोरगी तिच्या संसारात. दिसभर बोलाय ती येकच व्हती."

मी म्हणालो, "मामा, उद्यापासून जेवायला मी तुमच्या शेजारी बसत जाईन." असं काही मी कधी कुणाला म्हटलेलं नाही, त्यामुळे ते जरा चोरट्यासारखं निघालं.

मामांनी मान हलवली. चहा संपवला. गाडीत बसल्यावर खिडकीची काच खाली केली. मग त्यांनी विचारलं, "ती नवी कॅमेऱ्यानं बघती म्हंजी दिसतं तिला, ते कळलं. पर ऐकू येत आसंल का?"

"येत असेल," मी म्हणालो.

"मंग उद्या हळूच बोलून बगतो," मामा म्हणाले. "पयल्याच दिवशी लई नको. बुजंल ती."